भाव चढला म्हणून बाग वाढवावी का? गिरणाकाठच्या लिंबू उत्पादकांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील, गिरणेच्या काठच्या भडगाव-पाचोरा पट्ट्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे आहे. संबंधितांच्या इच्छेनुसार कंपनीचे, गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. एप्रिल २०२२ ते जून २०२४ या काळात मी या कंपनीबरोबर फलोत्पादन सल्लागार म्हणून काम केले. त्यामुळे येथे सांगितलेल्या निर्णयांपैकी काही माझ्या सल्ल्याने झाले, आणि त्यांतले दोन चुकले, हे आरंभीच नोंदवणे मला आवश्यक वाटते.

खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर रावेर-यावलची केळी आणि सर्वदूर पसरलेला कापूस उभा राहतो. गिरणेच्या खोऱ्यात मात्र मोसंबी आणि कागदी लिंबू यांच्या बागा अनेक वर्षांपासून आहेत. कंपनीचे तेव्हा शंभराच्या आसपास सभासद होते. त्यांच्याकडे मोसंबीची सुमारे दोनशे एकर आणि लिंबाची चौसष्ट एकर बाग होती. मोसंबी हे मुख्य पीक आणि लिंबू म्हणजे बांधावरून वाढत वाढत वावरात आलेले दुय्यम पीक, असेच बहुतेकांचे गणित होते. लिंबाची बाग व्यापाऱ्याला उक्ती, म्हणजे ठोक रकमेत, देऊन मोकळे होण्याची पद्धत रूढ होती आणि वर्षभरात किती गोण्या निघाल्या याची नोंद फारच थोड्यांकडे होती.

लिंबाचे झाड तसे बाराही महिने थोडेबहुत फुलते, पण त्याचे मुख्य बहार तीन. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार पावसाळ्याच्या तोंडाशी तोडणीला येतो आणि ऑगस्टपर्यंत चालतो. जून-जुलैत फुलणारा मृग बहार हिवाळ्यात येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणाऱ्या हस्त बहाराची फळे मार्च ते मे या महिन्यांत, म्हणजे सरबताची, रसाची आणि उपवासाची मागणी टिपेला असताना हाती लागतात. निसर्गतः झाडावर सर्वांत जास्त फळ आंबे बहाराचे आणि सर्वांत कमी हस्ताचे धरते. गिऱ्हाईक जेव्हा सर्वांत जास्त मागते, तेव्हा झाड सर्वांत कमी देते. पुढचे सारे प्रकरण या एका विसंगतीभोवती फिरते.

प्रश्न कसा उभा राहिला

एप्रिल २०२२ मध्ये देशभरात लिंबाचा भाव कधी नव्हे इतका चढला. अनेक शहरांत किरकोळ दर किलोला २०० रुपयांच्या वर गेला आणि एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना विकले जाऊ लागले. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीची सभा झाली. तरुण सभासद मोबाइलवर दिल्ली आणि पुण्याचे भाव वाचून दाखवत होते, आणि नव्या लिंबू लागवडीसाठी नावे देणाऱ्यांची यादी सभा संपेपर्यंत दीडशे एकरांवर पोहोचली होती. सहा बाय सहा मीटरवर लागवड धरली तर एकरी सुमारे ११० झाडे बसतात. म्हणजे साडेसोळा हजार रोपांची मागणी एका दुपारीत उभी राहिली. काहींनी मोसंबीच्या जुन्या बागा काढून तेथे लिंबू लावण्याची तयारी दाखवली.

त्या सभेत एक वयोवृद्ध सभासद, ज्यांना सगळे आबा म्हणतात, शेवटच्या ओळीत बसले होते. त्यांनी येताना स्वतःच्या बागेतली चार लिंबे आणली होती. त्यांतले एक त्यांनी विळीवर कापले आणि ताटलीत ठेवून पुढे सरकवले. साल जाड, फोडी आक्रसलेल्या आणि दाबूनही चमचाभर रस निघेना. ते एवढेच म्हणाले, "उन्हायामा पानी कोठे शे, ते पहिले सांगा." (उन्हाळ्यात पाणी कोठे आहे, ते आधी सांगा.) सभेने ते ऐकून घेतले आणि यादी पुढे सुरू झाली. मीही त्या वेळी त्या वाक्याला जितके महत्त्व द्यायला हवे होते तितके दिले नाही.

अध्यक्षांनी मला दोन गोष्टी विचारल्या. देशात लिंबाची खरोखर टंचाई आहे का, आणि असल्यास ती आणखी पाच-सहा वर्षे, म्हणजे आज लावलेले झाड भरात येईपर्यंत, टिकेल का? बियांपासून केलेले लिंबाचे झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते आणि त्याचे उत्पन्न खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू होते. म्हणून दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा होता.

देशाचा आकडा वाचताना

एखाद्या देशात एखादे फळ खाण्यासाठी किती उपलब्ध आहे, हे सांगण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्न ताळेबंद. त्याची मांडणी आपल्या घरच्या हिशेबासारखीच असते. वर्षाच्या उत्पादनात आयात मिळवायची, साठ्यातला फरक धरायचा, मग निर्यात, जनावरांचे खाद्य, बियाणे, इतर वापर आणि शेतापासून दुकानापर्यंत होणारी नासधूस वजा करायची. उरते ते अन्नासाठीचा पुरवठा. त्याला लोकसंख्येने भागले की दरडोई आकडा मिळतो. लिंबूवर्गीय फळांचे त्यात चार गट असतात: संत्री व तत्सम फळे, लिंबे, ग्रेपफ्रूट आणि उरलेली इतर. आपली मोसंबी पहिल्या गटात जाते. बाटलीबंद रसाचेही मूळ फळात रूपांतर करून ते वजन या हिशेबात धरले जाते.

भारतापुरते लिंबाचे चित्र तुलनेने सोपे आहे. देशात तेव्हा सुमारे ३.१७ लाख हेक्टरवर लिंबू होते आणि त्या काळातले वार्षिक उत्पादन सुमारे ३७ लाख टन धरले जात होते. आयात-निर्यात इतकी नगण्य की पिकेल ते जवळजवळ सर्व देशातच खपते. आंध्र प्रदेश, गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्र ही मुख्य राज्ये. ३७ लाख टनांना १४० कोटी लोकसंख्येने भागले की नासधूस वजा करण्यापूर्वी माणशी सुमारे २.६ किलो लिंबू येते. मध्यम आकाराचे कागदी लिंबू ४५ ग्रॅमचे धरले, तर वर्षाला अठ्ठावन्नच्या आसपास, म्हणजे माणशी आठवड्याला एक. ही वाटणी फळ्यावर लिहिली तेव्हा सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही, कारण आठवड्याला एक लिंबू ही टंचाई नव्हे, हे कोणालाही कळत होते. शिवाय क्षेत्र आणि उत्पादन गेल्या दोन-तीन दशकांत वाढतच आलेले आहे. वर्षांमागून वर्षे मांडली तर देशाचा लिंबू पुरवठा चढती रेघ दाखवतो.

मग एप्रिलमध्ये काय झाले? २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस लांबला. ३१ ऑगस्टला चाळीसगावात पूर आला होता, तो आमच्या पट्ट्यात कोणी विसरलेले नाही. त्यानंतरही सप्टेंबरभर सरी थांबल्या नाहीत. हस्त बहार धरायचा तर त्या दिवसांत पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. जमीनच ओली राहिली तर ताण बसत नाही, झाड फुलण्याऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, फोडत बसते. जी थोडी फळे धरली ती २०२२ च्या मार्चने गाळली. भारतातल्या १९०१ पासूनच्या नोंदींत तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्यातच मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने गुजरातच्या बागांचे नुकसान केलेले होते, डिझेल महागले होते आणि एप्रिलमध्ये रमजान असल्याने मागणी नेहमीपेक्षा अधिक होती. यांतले काहीही झाडे कमी असल्यामुळे घडलेले नव्हते.

झाडांची खरीखुरी टंचाई कशी असते हे दाखवण्यासाठी मी फ्लोरिडाचे उदाहरण दिले. तेथे २००५ मध्ये ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग आढळला आणि १९९७-९८ च्या हंगामात सुमारे २४ कोटी पेट्यांवर असलेले संत्र्याचे उत्पादन घसरत पुढे २०२२-२३ मध्ये १.६ कोटी पेट्यांच्या खाली आले. अशा ठिकाणी वर्षाचा आकडाच कोसळतो आणि तो सारे काही सांगून जातो. आपल्याकडच्या वर्षाच्या आकड्याने मात्र एप्रिलची ओढ झाकून टाकली होती. जुलैत मातीमोल भावाने विकले जाणारे लिंबू आणि एप्रिलमध्ये न मिळणारे लिंबू, दोन्ही त्या २.६ किलोंत एकत्र मोजले जातात.

त्याच सुमारास मोसंबीबद्दलही एक वेगळी काळजी दिसत होती. विदर्भाच्या संत्र्याची मोठी निर्यात बांगलादेशला होत असे, आणि त्या देशाने आयात कर वर्षागणिक वाढवत नेला होता. २०१९ मध्ये किलोला २० रुपयांच्या घरात असलेला हा कर २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेला. तिकडे न गेलेले संत्रे देशी बाजारात येते आणि मोसंबीच्या शेजारच्या हातगाडीवर उभे राहते. अन्न ताळेबंदात याने देशाचा पुरवठा वाढलेला दिसतो, पण बागाइतदाराच्या दृष्टीने ती आनंदाची बातमी नसते. म्हणून मोसंबी काढावी की ठेवावी हा प्रश्नही पूर्णपणे निराधार नव्हता, हे मला मान्य करावे लागले.

समोर आलेले पर्याय

मे महिन्यात तीन बैठका झाल्या. पहिला पर्याय सर्वांना हवा असलेला, म्हणजे दीडशे एकर नवी लागवड. त्याच्या बाजूने एकच कारण होते, पण जोरकस होते: भाव. विरोधात असे की जी चर्चा आमच्या सभेत चालली होती, तीच आंध्रातल्या आणि गुजरातेतल्या प्रत्येक लिंबूपट्ट्यात चालली असणार, आणि सगळ्यांची झाडे एकाच वर्षी फळावर येणार. ती आली की त्यांचे सर्वाधिक फळ आंबे बहाराचेच असणार, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या आधीच भरलेल्या बाजारात आणखी भर.

दुसरा पर्याय असा होता की असलेल्या चौसष्ट एकरांतले काही क्षेत्र हस्त बहाराकडे वळवायचे. नवे झाड नको, फक्त झाडाचे वेळापत्रक बदलायचे. यासाठीची शिफारस जुनी आणि तपासलेली आहे: जूनमध्ये जिब्रेलिक ॲसिड हे संजीवक ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) फवारून मृगाचे फूल थोपवायचे, सप्टेंबरात वाढ रोखणारे सायकोसिल १००० पीपीएम, आणि ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट एक टक्का. अडचण फवारणीची नव्हती. हस्ताचे फळ झाडावर असताना मार्च, एप्रिल आणि मे हे तीन महिने झाडाला पाणी तुटू द्यायचे नाही, ही अडचण होती. मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आपल्या भागात मोठ्या झाडाला दिवसाला सरासरी ८० लिटर धरले, तर एकरी ११० झाडांना रोज ८,८०० लिटर आणि ९२ दिवसांचे आठ लाख लिटरांहून अधिक पाणी लागते. तेही कालव्याचे आवर्तन मिळो न मिळो, विहीर खाली गेलेली असताना.

तिसरा पर्याय साठवणुकीचा. आंबे बहाराचे लिंबू शीतगृहात ठेवून भाव सुधारेपर्यंत थांबायचे. चौथा, लोणचे आणि रसाचा. बचत गटाच्या ताईंनी त्यात मनापासून रस दाखवला, पण भांडवल, परवाना आणि विक्रीची साखळी या तिन्ही बाबतींत कंपनी तेव्हा तयार नव्हती, म्हणून तो पुढे ढकलला गेला.

निर्णय

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात जे ठरले ती तडजोड होती. नवी लागवड दीडशेऐवजी पस्तीस एकर, मोसंबीची एकही बाग काढायची नाही, चौसष्टपैकी चोवीस एकरांवर हस्त बहार धरायचा, आणि पुढच्या पावसाळ्यात साठवणुकीचा छोटा प्रयोग करायचा. नव्या लागवडीसाठी पाना-फळांवर खरबरीत डाग पाडणाऱ्या खैऱ्या रोगाला तुलनेने कमी बळी पडणारी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई शरबती ही जात घ्यायची ठरली.

दीडशेचे पस्तीस करताना सभेत कटुता आली. एका तरुण सभासदाने मला स्पष्ट विचारले, "भाऊ, तुमचा अंदाज चुकला तर आमची पाच वर्षे कोण भरून देणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो की माझा अंदाज चुकला तर तुमचे राहिलेले क्षेत्र पुढच्या वर्षी लावता येईल, पण तुमचा चुकला तर लावलेली झाडे काढावी लागतील. आजही मला हे उत्तर योग्य वाटते, पण ज्याने दोन एकर कापूस थांबवून लिंबाची तयारी केली होती त्याला ते पुरेसे वाटले नसणार.

चोवीस एकर कोणाचे, हे मात्र चुकीच्या पद्धतीने ठरले. ज्यांनी आधी नाव दिले त्यांचे क्षेत्र घेतले. जमीन पाहून निवड झाली नाही.

पहिले वर्ष

जूनमधल्या फवारणीची तयारी कंपनीच्या गोदामात झाली. जिब्रेलिक ॲसिड थेट पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून शंभर लिटरला लागणारी पाच ग्रॅम पूड आधी थोड्या स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत घोळवून मग टाकीत सोडावी लागते. दोघा सभासदांनी ती सरळ टाकीत टाकली होती. त्यांच्या बागेत मृगाचे फूल आले ते आले. ही चूक वेळेत कळली आणि सुधारली गेली.

सप्टेंबरात पाणी तोडले. पण २०२२ मध्येही परतीच्या पावसाने ऑक्टोबर गाठला. येथे जमिनीचा फरक उघडा पडला. चोवीसपैकी नऊ एकर मुरमाड, उताराची जमीन होती. तेथे पावसाच्या दोन सरींच्या मधल्या उघडिपीतही ताण बसला, पाने किंचित मलूल झाली आणि नायट्रेटच्या फवारणीनंतर पंधरा-वीस दिवसांत फांद्या पांढऱ्या कळ्यांनी भरल्या. उरलेली पंधरा एकर काळी, भारी जमीन. तिच्यात वीतभर खाली ओल कायम होती. झाडे हिरवीगार उभी राहिली आणि फूल नावालाच आले. त्या पंधरा एकरांचा मृग बहार आम्ही जूनमध्ये थोपवलेला होता. म्हणजे त्या सभासदांचा मृगही गेला आणि हस्तही. या प्रकरणातला सर्वांत जड तोटा हाच, आणि तो भाव किंवा हवामान यांच्यापेक्षा आमच्या निवडीमुळे झाला.

साठवणुकीचा प्रयोग

जुलै २०२३ मध्ये आंबे बहाराचे चाळीस क्विंटल लिंबू केळीपट्ट्यातील एका भाड्याच्या शीतगृहात ठेवले. केळीचा हंगाम सैल होता, खोली रिकामी होती आणि भाडे परवडणारे होते. तीन आठवड्यांनी दार उघडले तेव्हा ठेवताना हिरवी असलेली लिंबे गर्द पिवळी झाली होती. देठाकडची चकती बोट लावताच सुटत होती आणि क्रेटच्या तळाशी निळसर बुरशी धरलेली होती. जवळजवळ तिसरा हिस्सा फेकावा लागला, उरलेल्याला दूरच्या बाजारात पाठवण्याइतका टिकाऊपणा राहिला नव्हता आणि जवळच्या बाजारात भाव नव्हता.

शीतगृहाच्या मालकाने आम्हाला फसवलेले नव्हते. त्याने केळीला लागते तसे १३-१४ अंश तापमान राखले होते. लिंबाला आठ ते दहा अंश लागते, त्याहून फार खाली नेले तर सालीवर डाग पडतात आणि वर राहिले तर ते पिकत जाते. शिवाय शेजारच्या खोलीत केळी पिकवली जात होती आणि त्यासाठी वापरला जाणारा इथिलीन वायू दारांच्या फटींतून आत येत होता. लिंबूवर्गीय फळाची हिरवी साल पिवळी करण्याचे काम हाच वायू करतो. हे मला पुस्तकातून माहीत होते. ती खोली पाहायला मी स्वतः गेलो होतो, आणि शेजारी काय चालते हे विचारण्याचे मला सुचले नाही.

दुसरे वर्ष

२०२३ चा पावसाळा उलटा निघाला. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा होता. त्या खरिपात राज्य सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत खानदेशातले चाळीसगाव, शिंदखेडा आणि नंदुरबार हे तीन तालुके होते. आमचा पट्टा यादीत नव्हता, पण चाळीसगाव आमच्या उशाशीच आहे. ताण बसायला असे वर्ष उत्तम, कारण काळ्या जमिनीतही बसला असता. पुढे एप्रिल-मेमध्ये पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न त्याच कारणाने दुप्पट झाला होता.

या वेळी आम्ही आबांच्या प्रश्नापासून सुरुवात केली. ऑक्टोबर सुरू होण्याआधी हस्त बहार मागणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजली, मोटर दोन तास चालवून पुन्हा मोजली आणि सकाळी पातळी किती भरून आली ते पाहिले. गेल्या पाच उन्हाळ्यांत विहीर कोणत्या महिन्यात आटली हे घरातल्या बायामाणसांना विचारले. पाणी त्यांनाच आणावे लागत असल्याने त्यांची आठवण पुरुषांपेक्षा पक्की होती. अठरा एकर मुरमाड क्षेत्रापैकी अकरा एकरांना मेअखेर पाणी पुरेल असे दिसले. तेवढ्यावरच बहार धरला. ज्यांना नाही म्हणावे लागले त्यांच्यापैकी एक जण कंपनीचे संचालक होते, आणि त्यांनी ते मानले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

झाडांच्या बुंध्याभोवती गव्हाच्या भुश्याचे चार बोटे जाड आच्छादन केले, ठिबक रात्री चालवले आणि मार्चनंतर दर झाडाची गळ मोजण्यासाठी प्रत्येक बागेत पाच झाडे खुणेची ठेवली. तोडणी उक्ती न देता कंपनीने स्वतः केली. पहाटे गळीची लिंबे वेचून वेगळी ठेवायची, मग काट्यांत हात घालून झाडावरची तोडायची, आणि गोणी भरण्याआधी दर्जानुसार तीन प्रती लावायच्या. या कामाला ज्या बाया होत्या त्यांच्या हातांवर आठवडाभरात ओरखड्यांचे जाळे उठले. तेव्हा जाड कापडाच्या लांब बाह्या शिवून घेतल्या गेल्या. त्या पहिल्याच दिवशी द्यायला हव्या होत्या.

निष्पत्ती

एप्रिल-मे २०२४ मध्ये त्या अकरा एकरांतून निघालेले फळ त्याच बागांच्या नेहमीच्या आंबे बहाराच्या निम्म्याहून कमी होते, पण सरासरी भाव जवळजवळ चौपट मिळाला. फवारणी, आच्छादन आणि वाढीव मजुरी वजा जाताही एकरी शिल्लक आंबे बहारापेक्षा स्पष्टपणे जास्त राहिली. अकरापैकी दोन एकरांवर मेच्या दुसऱ्या आठवड्यात विहीर अंदाजापेक्षा आधी खाली गेली आणि तेथे टँकर आणावा लागला. त्या दोघांची शिल्लक टँकरने खाल्ली.

पस्तीस एकर नव्या लागवडीचे चित्र मिश्र आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याअभावी साधारण पाचवा हिस्सा रोपे दगावली. उरलेली झाडे जून २०२४ मध्ये चांगली होती, पण ती फळावर येण्यास तेव्हा अजून वेळ होता. दीडशे एकर लावली असती तर २०२४ च्या उन्हाळ्यात काय झाले असते, हे आता कोणी मोठ्याने बोलत नाही. मला उत्तर मागणाऱ्या त्या तरुण सभासदाने त्या वर्षी स्वतःच्या शेतात आधी शेततळ्याचे काम धरले.

काय वेगळे करता आले असते

देशाचा वार्षिक आकडा मी सभेपुढे ठेवला, तो योग्य होता आणि त्याने घाईची लागवड थांबवली. पण त्याच दिवशी त्याच्या शेजारी बाजार समितीची महिनावार आवक मांडायला हवी होती. ती आवक आणि भाव सरकारी संकेतस्थळावर रोजच्या रोज उपलब्ध असतात. जवळच्या तीन बाजारांची पाच वर्षांची महिनावार आवक मी पहिल्यांदा काढली ती जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे निर्णयानंतर सात महिन्यांनी, आणि त्याला एक दुपार पुरली. त्या तक्त्यात जुलैची आवक एप्रिलच्या कितीतरी पटीने मोठी दिसत होती. तो तक्ता आधी पाहिला असता तर नवी लागवड पस्तीस एकरही झाली नसती, असे माझे मत आहे. अध्यक्षांचे मत वेगळे आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उत्साहाला थोडी तरी वाट दिली नसती तर कंपनीच फुटली असती. ते गाव त्यांचे आहे, म्हणून त्यांच्या म्हणण्याला मी वजन देतो.

दुसरी बाब जमिनीच्या निवडीची. हस्त बहार काळ्या जमिनीत धरायचा असेल तर जूनमध्ये मृग थोपवण्याचा निर्णय पावसाळा कसा जाईल याचा काहीच अंदाज नसताना घ्यावा लागतो, आणि तो जुगार छोट्या शेतकऱ्याच्या अंगावर टाकणे योग्य नव्हे. अशा बागांनी मृग आणि आंबे यांवर राहावे, आणि त्यांचे फळ प्रतवारी करून कंपनीने एकत्र विकावे, हा मार्ग आम्ही आता धरला आहे. त्या पंधरा एकरांच्या मालकांना पहिल्या वर्षीचे फवारणीचे पैसे कंपनीने परत केले. मृगाच्या बुडालेल्या फळाची भरपाई मात्र झालेली नाही.

तिसरी बाब झाडाची. चांगला भाव मिळाल्यावर तेच झाड दरवर्षी हस्ताला धरण्याचा मोह होतो. ताण आणि संजीवकांचा मारा सलग सोसलेले झाड थकते, त्याची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, वाढते आणि डिंक्यासारख्या रोगाला ते लवकर बळी पडते. म्हणून क्षेत्राचे दोन भाग करून आलटून पालटून बहार धरण्याची सूचना जून २०२४ च्या सभेत मांडली. ती एकमताने मंजूर झाली नाही. सातजणांनी आपल्या जबाबदारीवर त्याच झाडांवर पुन्हा बहार धरण्याचे ठरवले. त्यांच्या बागांतही पाच-पाच झाडे खुणेची ठेवली आहेत आणि त्यांची नोंदवही कंपनीच्या गोदामात, भावफलकाशेजारी टांगलेली आहे.